पर्वतीच्या पायऱ्यांची गोधडी: चित्रापासून गोटापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चित्र काढता येतं, घरी साधं शिवणयंत्र आहे, सरळ शिलाई जमते. माझी आजी वर्षानुवर्षं रोज सकाळी पुण्यातली पर्वती टेकडी चढायची, आता गुडघे साथ देत नाहीत. पर्वतीच्या पायऱ्यांचं एक चित्र मी काढलंय आणि तुकडे जोडून त्याची तिच्या एकेरी पलंगासाठी गोधडी करायची आहे. तिची जुनी लुगडी वापरता येतील का? सुरुवात कुठून करू, कापड किती आणू, आत काय घालू?" सोबत चित्राचा फोटो आहे. पायथ्याशी उभं राहून वर पाहिल्यावर दिसतात तशा निमुळत्या होत जाणाऱ्या पायऱ्या, टोकाला देऊळ, दोन्हीकडे झाडं, आणि डावीकडून आभाळावर व पायऱ्यांवर झुकलेली एक मोठी फांदी.

चित्र चांगलं आहे. पायऱ्यांवरचं सकाळचं ऊन तर नेमकं पकडलंय. पण कापड आणायला लगेच निघू नका. हे चित्र आधी शिवता येईल असं करून घ्यावं लागेल, आणि खरं काम तेच आहे. कापणं, जोडणं, टाके घालणं हे हाताला सवय झाली की जमतं. चित्र कुठे आणि कसं फोडायचं ते चुकलं, तर पुढे कितीही सफाईने शिवा, कुठेतरी अडतंच.

कागदावर रेघ मनाला येईल तिथे थांबवता येते. मशीनची सरळ शिवण मात्र तुकड्याच्या एका कडेला सुरू होते आणि दुसऱ्या कडेला संपते. एक शिवण दुसऱ्या आडव्या शिवणीला जाऊन टेकली तर हरकत नाही, आडवी नंतर घालायची. पण तीन रेघा एका बिंदूत मिळतात आणि त्यातली एकही पार जात नाही, तिथे पाव इंच अलीकडे थांबायचं, सुई कापडातच ठेवून कापड फिरवायचं आणि पुन्हा निघायचं. येतं ते, पण पहिल्या गोधडीत नको. म्हणून पेन्सिल घेऊन चित्रातली प्रत्येक रेघ तपासा: ही कुठल्या कडेपासून कुठल्या कडेपर्यंत जाते आणि कुणाच्या आधी शिवली जाते? याचं उत्तर ज्या रेघेला नाही, ती एकतर लांबवायची नाहीतर पुसायची.

तुमची फांदी इथेच बाद होते. आभाळ, झाडं, पायऱ्या, तिन्हींवरून ती जाते; जोडकामात घ्यायची म्हटली तर दहा-बारा अवघड कोपरे पदरात पडतील. ती काढून टाका. फारच जीव असेल तिच्यावर, तर सगळं जोडून झाल्यावर वरून लावा, म्हणजे अ‍ॅप्लिक करा. देवळाच्या शिखराचंही तेच. गोलाई जोडून शिवण्याचा हट्ट धरणारे लोक मला माहीत आहेत. मी त्यांच्यातली नाही.

आपल्याकडच्या बायकांनी गोधड्या शिवताना कधी आराखडे काढले नाहीत, हेही खरं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, ती कडेपासून सुरू होते आणि गोल गोल फिरत मध्यावर संपते. तुकडा थेट अस्तरावर ठेवायचा, कड दुमडायची, धावदोरा घालत पुढे जायचं. शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेली कापडी फुलं लावतात. तिथे माप चुकलं असं होतच नाही, कारण माप असतंच कुठे! अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. त्याही बऱ्याचशा घरातल्या जुन्या कपड्यांच्या, अंदाजाने जोडलेल्या. तो रस्ता कमी प्रतीचा नाही. पण तुम्हाला ओळखू येईल अशी पर्वती हवी आहे, म्हणून मोजमाप आलं.

एकेरी पलंग ३६ बाय ७२ इंच धरू. दोन्हीकडे फूट-फूटभर खाली यावी म्हणून रुंदी ६० आणि पायथ्याशी फूटभर जास्त म्हणून लांबी ८४ इंच. चारी बाजूंना ४ इंचांची किनार सोडली की चित्राला ५२ बाय ७६ उरतात. त्यातले वरचे २० इंच आभाळ आणि देवळाला, खालचे ५६ पायऱ्यांना. पायऱ्या तळाशी ४० इंच रुंद, वर देवळापाशी १४ इंच. म्हणजे झाडांना खाली ६-६ इंच आणि वर १९-१९ इंच. आता देवळामागचा चौकोनही १४ इंच रुंदच ठेवा आणि त्याच्या दोन्हीकडचं आभाळ १९-१९. असं केलं की देवळाची कड आणि पायऱ्यांची कड एकाच बिंदूत मिळतात आणि शिवण्याचा क्रम सोपा होतो: वर आभाळ-देऊळ-आभाळ ही एक पट्टी, खाली झाडं-पायऱ्या-झाडं ही दुसरी, दोन्ही जोडणारी एक आडवी शिवण, मग किनार. पूर्ण गोधडीत एकही अडलेला कोपरा नाही.

ग्राफची वही सेंटिमीटरची मिळते आणि आपलं शिवणकाम चालतं इंचात. त्यावर तोडगा म्हणजे १ सेंटिमीटरला ४ इंच धरायचे. ६० बाय ८४ इंचांची गोधडी १५ बाय २१ सेंटिमीटरमध्ये, साध्या ए-फोर कागदावर बसते. फक्त रेघांचं चित्र करा, चार-पाच झेरॉक्स काढा आणि रंगाचे प्रयोग त्यांवर करा. कागदावर पुसता येतं, कापलेलं कापड परत लांब होत नाही.

खरी पर्वती शंभरावर पायऱ्यांची आहे, पण तेवढ्या मोजून शिवायला जाऊ नका. डोळ्याला वीस पुरतात. तळाच्या ८ पायऱ्या प्रत्येकी ४ इंच उंच, मधल्या ६ अडीच इंच, वरच्या ६ दीड इंच: ३२ अधिक १५ अधिक ९, झाले ५६. प्रत्येक पायरी दोन पट्ट्यांची, उन्हातला सपाट भाग फिकट आणि सावलीतला उभा भाग गडद. तळाला फिकट अडीच आणि गडद दीड इंच, मध्ये दीड आणि एक, वर एक आणि अर्धा. कापताना प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून अर्धा इंच वाढवायचा. म्हणजे तळाच्या पट्ट्या ३ आणि २ इंचांच्या, मधल्या २ आणि दीडच्या, वरच्या दीड आणि एक इंचाच्या. उंचीचे तीनच प्रकार ठेवलेत, त्यामुळे कापण्याचा घोळ होत नाही आणि दुरून पाहिलं की पायऱ्या मागे गेल्यासारख्या वाटतात.

रंगाबद्दल एकच गोष्ट पक्की धरा. रंग कोणता याला दुय्यम महत्त्व आहे, तो फिकट की गडद हे आधी. दगड काळा आहे म्हणून सगळ्या पायऱ्या काळ्या-करड्या घेतल्या तर पलंगावर नुसता काळा त्रिकोण दिसेल. दुकानात निवडलेल्या घड्या शेजारी शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. ज्या दोन घड्या फोटोत एकमेकींत मिसळून गेल्या, त्यांना शेजार देऊ नका, मग एक हिरवी असो नाहीतर लाल. फिकट पट्ट्यांसाठी राखाडीच हवा असंही नाही. मातकट, फिकट जांभळा, मळकट गुलाबी, सगळं दगडावरच्या उन्हात खपून जातं. उलट एकाच थानातून सगळ्या पायऱ्या कापल्या तर त्या सिमेंटच्या वाटतात. पाच-सहा वेगवेगळे फिकट आणि चार-पाच गडद घ्या, थोडं थोडं.

आता लुगडी. वापराच, पण पारखून. कापड खिडकीसमोर धरा. विरळ जाळी दिसली तर तो भाग बाजूला. मग दोन्ही अंगठे जवळ टेकवून ताण द्या. चर्र झालं की तो तुकडा वरच्या थरात घालायचा नाही, आत भरायला चालेल. लुगडं बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या तळाशी आधी विरतं, पदराकडचा भाग बहुधा धड निघतो. मऊ पडलेलं सुती कापड कापताना हलतं, म्हणून तांदळाची नाहीतर साबुदाण्याची पातळ खळ लावून इस्त्री करा, कागदासारखं कडक होतं आणि माप धरतं. गोधडी पूर्ण झाल्यावर मात्र ती खळ धुऊन काढायलाच हवी. आपल्या पावसाळ्यात खळीच्या कापडाला बुरशी आणि झुरळं दोन्ही लागतात.

लुगड्याचा खरा उपयोग मी सांगेन तो अस्तराला. अस्तर वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी ४ इंच मोठं हवं, म्हणजे ६८ बाय ९२. नऊवारीची लांबी ३२४ इंच. त्यातून ९२ इंचांचे दोन तुकडे काढून लांबीत जोडले की अस्तर झालं, वर १४० इंच उरतात ते आत घालायला. अंगाला लागणारी बाजू आजीच्याच लुगड्याची, आणि इतकी मऊ की हाताने टाके घालताना सुई अडत नाही. बाजारातली डबल बेडशीट अस्तराला घेण्याचा मोह होतो, कारण जोड लागत नाही. पण तिची वीण घट्ट असते आणि हाताने शिवताना बोटं सोलवटतात.

नवं कापड आणायचं ते वरच्या भागाचं. सुती कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन घ्या, टेरिकॉट अजिबात नको, इस्त्रीखाली घडी धरत नाही. रविवार पेठेतल्या कापडगंजात किंवा लक्ष्मी रोडवर फिरलात तर सगळं मिळेल. टाचण्या, अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी), दोरा वगैरे तुळशीबागेत. शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, घड्या शेजारी मांडून फोटो काढायला दुकानदार उभं राहू देणार नाही. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असली तरी धुऊन आणि काठ काढून हाताशी ४२ इंच येतो असं धरा. फिकट पायऱ्यांना सगळे रंग मिळून सव्वा मीटर, गडद पायऱ्यांना एक मीटर. झाडांना गडद हिरवा सव्वा आणि फिकट हिरवा सव्वा. आभाळाला पाच छटा, प्रत्येकी पाव मीटर. देवळामागच्या चौकोनाला फिकट पिवळट अर्धा मीटर. किनारीला २ मीटर. एकूण साडेआठ मीटरच्या आसपास, आणि लुगड्यांतून जेवढं निघेल तेवढं वजा. किनारीचं कापड लांबीत कापायचं. ४ पट्ट्या साडेचार इंचांच्या काढल्या की १८ इंच पन्हा जातो, उरलेल्या पन्ह्यातून गोटाच्या, म्हणजे शेवटी गोधडीच्या कडा बांधायच्या, अडीच इंची पट्ट्याही लांबीतच निघतात, वेगळं कापड लागत नाही.

आणलेलं सगळं आधी धुवा, कापण्यापूर्वी. नवं सुती कापड आटतं, जुनं आटून झालेलं असतं. दोन्ही एकत्र शिवून नंतर धुतलं की नव्या पट्ट्या आवळतात आणि जुन्या फुगतात. रंग जातो का तेही आत्ताच बघा. गडद कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या चिंधीवर ठेवून गरम इस्त्री दाबा. डाग पडला तर गरम पाणी आणि साबणात पुन्हा पुन्हा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, रंगवून झालेल्या सुती कापडावर त्याचा उपयोग नाही. मिठाचं काम रंगवताना असतं, रंग धाग्याकडे ढकलायला. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या आम्ल रंगांना लागतं. तुमच्या काळ्या पट्टीतून निघतोय तो धाग्याला न चिकटलेला जादा रंग आहे, तो धुऊनच जातो. धुऊनही थांबत नसेल तर ते कापड या गोधडीत नको. पिवळ्या आभाळावर काळा ओघळ आला तर मग काही करता येत नाही.

मशीनवर बसण्याआधी पाव इंचाची परीक्षा घ्या. सुतारकामातलं सूत माहीत असेल: आठ सूत म्हणजे एक इंच, पाव इंच म्हणजे दोन सूत. तुमच्या पायऱ्यांच्या पट्ट्या चाळीस, त्यांच्यामधल्या शिवणी एकोणचाळीस. प्रत्येक शिवण अर्धंच सूत जाड पडली, तरी दोन्ही पट्ट्यांतून मिळून एक सूत जातं. एकोणचाळीस सूत म्हणजे जवळपास पाच इंच! पायऱ्या ५६ऐवजी ५१ इंचांच्या होतील आणि झाडं ५६चीच राहतील. म्हणून २ इंची तीन पट्ट्या शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर दीड इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिलाई किंचित कापडाच्या कडेकडे सरकवा, कारण कापड उलटताना घडीतही धागाभर जागा जाते. साध्या मशीनचा पाय पाव इंचाचा नसतो. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा, कापडाची कड तिला टेकून सरकू द्या. परीक्षा पास होईपर्यंत खऱ्या पट्ट्या कापू नका. टाका लहान, इंचाला बारा पडतील असा.

पायऱ्या जोडताना आधी फिकट-गडद अशा जोड्या करा. प्रत्येक जोडी मोजा: तळाची साडेचार, मधली तीन, वरची दोन इंच. कमी-जास्त असेल ती आत्ताच उसवा. मग दोन-दोन जोड्या, मग चार-चार. सगळ्या शिवणी एकाच टोकाकडून घातल्या तर पूर्ण पट केळ्यासारखा वाकतो, म्हणून एक शिवण डावीकडून, पुढची उजवीकडून. पट्ट्या वर वर लहान होत जातात, तेव्हा प्रत्येकीचा मध्य घडी घालून खुणेने पक्का करा आणि मध्यावर मध्य ठेवूनच टाचण्या लावा. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. माया गडद पट्टीकडे वळवा. वरच्या सहा पायऱ्यांच्या अर्ध्या इंची काळ्या पट्ट्यांखाली दोन्हीकडच्या पाव-पाव इंच माया येऊन नेमक्या कडेला कड भिडतात. तिथे कापड तिप्पट जाड होतं, पट्टी किंचित उचलून येते, पायरीची धार बोटाला लागते. हे मुद्दाम करायला गेलं तर जमणार नाही, इथे फुकट मिळतंय. फक्त हातटाके नंतर त्या पट्टीवरून न्यायचे नाहीत, सुई जाणार नाही.

झाडांना पान-फांदी काढत बसू नका, त्रिकोण करा. ५ इंचांचे गडद आणि फिकट हिरवे चौकोन सुलटीवर सुलट ठेवायचे, कर्णावर रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई, मग रेघेवर कापायचं. दोन त्रिकोणांचे दोन चौकोन मिळतात, ते साडेचार इंचांचे कातरून घ्यायचे. कापताना हात थोडा हलला तरी कातरताना सुधारतं, म्हणून मी नेहमी मोठं कापून मग कातरते. एका बाजूला चौदा ओळी. तळाच्या ओळीत दोन चौकोन, मग तीन, चार, वरच्या ओळींत पाच. ५५ ते ६० चौकोन एका बाजूला लागतील. कुठला त्रिकोण कुठे तोंड करून बसवायचा ते जमिनीवर मांडून ठरवा आणि एक रात्र तसंच राहू द्या, घरात मांजर नसेल तर. वरच्या बाजूला फिकट जास्त आणि तळाला गडद जास्त, एवढं पाळलं की झाडं आपोआप होतात.

सगळ्यांत नाजूक जागा पुढची: तिरका काप. पायऱ्यांच्या पटावर तळाशी मध्यापासून २०-२० इंच आणि वर ७-७ इंच अशा खुणा करा. एवढी लांब पट्टी घरात नसते. खडू लावलेली दोरी दोन्ही खुणांवर ताणून धरा आणि मध्ये उचलून सोडा, गवंडी मारतात तशी रेघ उमटते. ही झाली शिवणीची रेघ. तिच्या बाहेर पाव इंचावर कापायची रेघ. कापण्याआधी दोन्ही रेघांच्या मधून मशीनची एक शिलाई मारून घ्या. तिरक्या कापात धागे आडवे-उभे राहत नाहीत, कड उरेब म्हणजे धाग्यांना तिरपी होते आणि हाताळताना लांबते. ही शिलाई तिला धरून ठेवते. झाडांच्या पटाला बाहेरच्या सरळ कडेपासून तळाशी ६ आणि वर १९ इंच, बाकी तसंच. डावा-उजवा पट एकमेकांच्या आरशातल्यासारखे हवेत, म्हणून दोन्ही सुलटीवर सुलट ठेवून खुणा तपासा आणि मगच कात्री लावा. दोन डावे पट करून बसणं हा शिकणाऱ्यांचा हमखास घोळ आहे. जोडताना तिरक्या कापाची टोकं किंचित पुढे-मागे होतात, ते बरोबरच आहे. कापलेली टोकं जुळवायची नाहीत, पाव इंच आत जिथे शिवण पडणार तिथले बिंदू जुळवायचे.

आभाळ सोपं. पाच छटांच्या साडेचार इंची पट्ट्या साडेएकोणीस इंच लांब कापून एकाखाली एक जोडायच्या, असे दोन पट. मधला चौकोन साडेचौदा बाय साडेवीस, त्यावर देवळाचा आकार कड दुमडून बारीक लपवटाक्यांनी लावायचा. त्याचा पाया चौकोनाच्या तळाच्या कडेपर्यंत न्या, म्हणजे खालची कड मोठ्या आडव्या शिवणीत आपोआप बंद होते. ती शिवण घालताना देवळाच्या आणि पायऱ्यांच्या शिवणी जिथे भेटतात तिथे वरची माया एका दिशेला आणि खालची उलट दिशेला वळवलेली ठेवा. बोटाने चाचपलं की दोन्ही एकमेकींत बसल्याचं कळतं. तिथे टाचणी मारा.

किनार लावताना लांब पट्टी शिवून शेवटी उरलेलं कापून टाकायची सवय असेल तर ती सोडा. कडा हाताळून ताणलेल्या असतात, पट्टी तेवढीच ताणली जाते आणि गोधडीला लाटा येतात. पटाची लांबी कडेला न मोजता मध्यावर आणि आणखी दोन ठिकाणी मोजा, सरासरी काढा आणि पट्ट्या तेवढ्याच कापून, टाचण्यांनी समान वाटून शिवा. आधी उभ्या दोन, मग आडव्या.

आत काय घालायचं? पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, बाकी वर्षभर पातळच पांघरूण लागतं. पिंजलेला कापूस नको. तो सरकू नये म्हणून फार जवळ टाके लागतात आणि गोधडी धुता येत नाही. गादी-रजईवाल्यांकडे पॉलिएस्टरची शीट मिळते, हलकी असते, वाळतेही लवकर, पण अंगाला घाम येतो आणि गोधडीसारखी अंगावर पडत नाही, फुगून राहते. आजीसाठी मी लुगड्याचेच दोन थर घालीन. उन्हाळ्यात जड वाटेल असं वाटत असेल तर एकच. तिला स्वतःला ती उचलता, झटकता आली पाहिजे.

जमिनीवर अस्तर उलट बाजू वर करून पसरा, कडा चिकटपट्टीने सपाट लावा, ओढून नव्हे. त्यावर आतले थर, त्यावर चित्र. मध्यापासून बाहेर चारी दिशांना, मग चार-चार इंचांवर आडवे-उभे कच्चे टाके. कंबर धरते, पण यात घाई करू नका. इथे चुण्या राहिल्या तर अस्तराला कायमच्या घड्या पडतात. पुढचे टाके हाताने घाला. साध्या मशीनच्या सुई आणि खांबामधल्या जागेतून एवढ्या मोठ्या गोधडीची वळकटी सरकत नाही, अर्धं लक्ष ती सांभाळण्यातच जातं. दाभण नको, मध्यम लांबीची बारीक सुई, जाड सुती दोरा आणि मधल्या बोटाला अंगुस्तान. प्रत्येक पायरीच्या फिकट भागावर आडवा धावदोरा, तळाच्या रुंद पायऱ्यांना दोन ओळी, वर एक. झाडांत कर्णाला धरून तिरके, आभाळात थोडे लहरी टाके. टाका किती बारीक यापेक्षा सगळे सारखे आहेत का ते पाहा. वर आणि खाली सारख्या लांबीचे पडायला लागले की वेग आपोआप येतो.

सगळे टाके झाले की कडा सरळ कातरा. घेर २८८ इंच आहे, गोटाची पट्टी ३०० इंचांची तयार ठेवा, जोड तिरके. सरळ कडांना उरेब पट्टी लागत नाही, सरळ धाग्याची चालते. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून वरच्या बाजूने शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबा, दोरा तोडा, पट्टी सरळ वर दुमडा, मग तिचीच घडी घालून खाली आणा आणि कडेपासून पुन्हा सुरू करा. मागे उलटवली की कोपऱ्याला तिरकी नेटकी घडी बसते. मागची बाजू हाताने लपवटाक्यांनी.

शेवटी धुणं. पहिल्यांदा थंड पाण्यात, सौम्य साबणात, खळ निघेपर्यंत. पिळायची नाही, टबात दाबून पाणी काढायचं. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टाकली तर मधल्या शिवणीवर सगळा भार येतो, म्हणून दोन दोऱ्या फूटभर अंतरावर बांधून दोन्हींवर पसरा, उलट बाजू वर करून, म्हणजे रंग उडत नाहीत. आणि जून ते सप्टेंबर शक्यतो धुऊ नका. आतले थर वाळत नाहीत, कुबट वास धरतो. दिवाळीच्या आधी कडक ऊन पडतं, तेव्हा धुवा.